शब्दचर्चा : ‘रेफरन्स’ला संदर्भ म्हणायचं की आणखी काही?

उद्यमनगरातल्या एका फौंड्रीसाठी सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत वजनकाट्याचा प्रोग्राम लिहितोय. हाताखाली दोन नवी पोरं आहेत. काट्याचा क्लास (माहिती आणि तिच्यावरचं काम एकत्र ठेवणारा साचा) दिवसाचं एकूण वजन एका इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या व्हेरिएबलमध्ये, साठवतो, तेच वजन पावतीच्या क्लासलाही हवं. एकानं कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट, म्हणजे साच्यातून काढलेली वस्तू, बनताना चालणारा कोड) ‘रेफ’ लावून, म्हणजे नक्कल न देता मूळ व्हेरिएबलच हाती देऊन, इंट पाठवला, आत फील्डमध्ये (ऑब्जेक्टच्या स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये) ठेवला आणि निवांत चहाला गेला. काट्यावर १८४० किलो, पावतीवर शून्य.

मी म्हटलं, “अरे, रेफ त्या कॉलपुरताच. फील्डमध्ये ठेवलास की आकड्याची नक्कल झाली.” तर म्हणतो, “सर, पण नोट्समध्ये ‘संदर्भ पाठवणे’ लिहिलंय. संदर्भ दिला म्हणजे झालं की!” त्याचं तरी काय चुकलं? संदर्भ म्हटलं की आपल्याला ‘संदर्भासहित स्पष्टीकरण’ आठवणार. रेफरन्स टाइप (व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्टकडं नेणारी खूण) आणि व्हॅल्यू टाइप (व्हेरिएबलमध्ये आकडाच) यांना तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद : पत्ता म्हणा. माल कुठं ठेवलाय ते सांगतो तो पत्ता. विषय संपला.

प्रतिसाद : पत्ता नको, दादा. पत्ता म्हणजे सी मधला पॉइंटर, त्यात एक मिळवला की शेजारच्या घरात शिरता येतं. सी शार्पच्या रेफरन्सवर असली बेरीज चालत नाही. शिवाय गार्बेज कलेक्टर (नको झालेले ऑब्जेक्ट काढून टाकणारा) मेमरी आवरताना ऑब्जेक्ट इकडचा तिकडं हलवतो. पत्ता बदलला तरी रेफरन्स चालूच. जुना ‘हवाला’ अर्थानं जवळचा होता, पण आता हवाला म्हटलं की धाड आठवते.

प्रतिसाद : रेफरन्सचं नंतर बघू. व्हॅल्यू टाइपला ‘मूल्य प्रकार’ म्हणू नका, मूल्यशिक्षणाचा तास वाटतो. उतारा म्हणा. सातबारा काल काढला, आज फेरफार मंजूर झाला. तुमच्या हातातला कागद कालचाच. इंट, बूल (खरं की खोटं), स्ट्रक्ट (क्लाससारखाच साचा, पण व्हॅल्यू टाइप) सगळे असेच. असाइन केलं की नवा उतारा, मग दोघांचा संबंध तुटला.

मूळ लेखक : उतारा झकास! पण दुसऱ्या दिवशी पोरानं इंट ‘ऑब्जेक्ट’ या रेफरन्स टाइपमध्ये घातला. “सर, बॉक्सिंग केलं, आता रेफरन्स झाला.” याला काय म्हणू?

प्रतिसाद : लॅमिनेशन! कागद जाड झाला, मजकूर कालचाच. आकडा बदलायचा तर नवा उतारा काढून पुन्हा लॅमिनेशन, आणि पावतीच्या हातात जुनाच.

प्रतिसाद : सी शार्प ११ मध्ये, म्हणजे २०२२ ला, रेफ फील्ड, म्हणजे रेफ साठवून ठेवणारी फील्ड, आलेत हे खरं. पण ते फक्त रेफ स्ट्रक्टमध्ये, आणि रेफ स्ट्रक्ट हीपवर, म्हणजे क्लासचे ऑब्जेक्ट राहतात त्या मेमरीत, जात नाही. तुमच्या पावतीच्या क्लासला त्याचा उपयोग शून्य.

प्रतिसाद : मी शेतकऱ्याचा पोरगा, मला विहीरच सुचते. इंट म्हणजे घागरभर पाणी. घरी नेलं की विहिरीशी नातं संपलं. वाटून घ्यायचं तर पाणी नव्हे, विहीर सामाईक करायची. एक छोटा क्लास करा, आत एकच इंट. त्या क्लासचा एकच ऑब्जेक्ट काटा आणि पावती, दोघांना द्या. दोघांच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात तीच विहीर. काट्यानं पाणी वाढवलं की पावतीला दिसणार. जावावालेही हेच करतात. त्यांचा इंटिजर बदलता येत नाही म्हणून एका घराचा ॲरे घेऊन फिरतात. ‘शेअर’ला सामायिक करा, सामायिक करा म्हणून मोबाइलनं त्या शब्दाचा जीव घेतलाय, पण बांधावर तो अजून जिवंत आहे. दोन थ्रेड (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) एकदम मोटर चालू करणार असतील तर पाण्याची पाळी लावा. ‘लॉक’ला पाळीच म्हणा.

मूळ लेखक : क्लासचं नाव ‘सामाईक वजन’ ठेवलं. पावतीवर १८४० आले. रेफरन्सला तूर्त ‘हक्क’ म्हणतोय : पावतीकडं वजनाचा हक्क आहे.

प्रतिसाद : भावा, हक्क म्हटलास की वाटणीचा दावा आलाच.