माडीवरनं शेअर फोल्डर कधी उघडतंय, कधी नाही

शहापूर_डीटीपी:
नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला घरातच आमचं लग्नपत्रिकांचं काम आहे. खाली डेस्कटॉप, विंडोज १०, त्यावर ‘पत्रिका’ फोल्डर शेअर केलाय. बायको खाली बसून कन्नड मजकूर नुडीत (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाइप करते, मी माडीवर लॅपटॉपवर (विंडोज ११) मराठी बाजू लावतो. पंधरा दिवस झाले, सकाळी फोल्डर उघडतंय, दुपारी नेटवर्क पाथ सापडला नाही म्हणतंय, तासाभरानं परत आपोआप चालू. लॅपटॉप घेऊन खाली आलो की उघडतंय. काल करंट जाऊन आलं तेव्हापासून तर वर नाहीच. पासवर्ड, परमिशन सगळं बघून झालं, नेट दोन्हीकडं चालू आहे. उद्या बैलहोंगलची पार्टी प्रूफ बघायला येणार आहे अन् मी पेनड्राइव्ह घेऊन जिना चढउतर करतोय, काहीतरी सांगा की.

निपाणीकर:
विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ (नेटवर्कवर फोल्डर शेअर करायची जुनी पद्धत) चालू करा, माझं तसंच झालं होतं.

खानापूर_नेटवर्क:
दादा, ते एसएमबी १ अजिबात चालू करू नका. २०१७ ला वॉनाक्राय व्हायरस त्याच्याच भोकातनं पसरला, अन् त्याच वर्षीपासून विंडोज १० ते आपणहून टाकत नाही. १० अन् ११ एकमेकांशी एसएमबी ३ नं बोलतात, त्याची गरजच नाही. अन् परमिशनचा घोळ असता तर खालनंही उघडलं नसतं. आधी दोन्ही मशीनवर कमांड विंडोत आयपीकॉन्फिग (ipconfig) मारून आयपीचे, म्हणजे मशीनच्या नेटवर्क पत्त्याचे, आकडे इथं टाका, फोल्डर बंद असेल तेव्हाच. अन् माडीवर वायफाय कुठनं येतंय?

शहापूर_डीटीपी:
डेस्कटॉप १९२.१६८.१.५, लॅपटॉप १९२.१६८.०.१०३. वर रेंज येत नव्हती म्हणून जुना राउटर लावलाय, खालनं वायर ओढून. दोन्हीचं नाव, पासवर्ड एकच. हां, तोही पंधरा दिवसांपूर्वीच लावला.

खानापूर_नेटवर्क:
मग सापडलं. वायर जुन्या राउटरच्या वॅन (बाहेरचं नेट घ्यायच्या) पोर्टात असणार, म्हणून त्यानं ०.१०३ वालं स्वतःचं वेगळं नेटवर्क केलंय. नाव एकच असल्यामुळं लॅपटॉप कधी खालचा सिग्नल पकडतो, कधी वरचा. खालचा पकडला की फोल्डर दिसतंय, वरचा पकडला की दिसत नाही, कारण कॉम्प्युटरचं नाव हुडकायची हाक राउटरच्या पलीकडं जातच नाही. नेट चालू राहतंय म्हणून शंकाही येत नाही. खात्री करायची तर आत्ता वरनंच विंडोजच्या रन खिडकीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन १९२.१६८.१.५ टाका, नाव न घालता. बहुतेक उघडेल.

उघडलं तर असं करा: जुन्या राउटरच्या पेजवर जाऊन आधी त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, मग डीएचसीपी (मशीनना आपोआप आयपी वाटायची सोय) बंद करा, अन् वायर वॅनमधनं काढून लॅन (घरातल्या मशीनच्या) पोर्टात घाला. क्रम चुकवू नका, वायर आधी हलवली तर दोन डीएचसीपी एकाच घरात भांडत बसतील. खालच्या राउटरवर डेस्कटॉपला १.५ रिझर्व्ह करून ठेवा, करंट जाऊन आल्यावर आयपी बदलणार नाही. अन् डेस्कटॉपचं स्लीप ‘नेव्हर’ करा, वहिनी जेवायला गेल्या अन् मशीन झोपलं तरी फोल्डर गायब होतंय.

शहापूर_डीटीपी:
आकडा टाकला अन् लगेच उघडलं! मग तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. निळ्या पोर्टातली वायर काढून पिवळ्यात घातली, लॅपटॉप एकदा बंद करून चालू केला, आता १९२.१६८.१.७ मिळालाय. मेन स्विच पाडून मुद्दाम बघितलं, राउटर उठल्यावर दोन मिनिटात फोल्डर परत आलं. बायकोनं खाली वधूच्या आजोळचं नाव बदलून सेव्ह केलं, मी वर फाइल परत उघडली तर बदललेलंच दिसलं. लई उपकार झाले.

निपाणीकर:
मीही एसएमबी १ बंद केलं. माझंही घरात दोन राउटरच आहेत, उद्या बघतो.