नोकरीच्या नावाखाली आधार-पॅन घेतलं, आता माझ्या नावावर लोन निघालंय

सायली_नवीन:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. चार महिन्यांपूर्वी मला एका कंपनीच्या एचआरचा मेसेज आला, घरून डेटा एंट्रीचं काम. मी सात महिने घरी बसून होते, त्यामुळे लगेच हो म्हटलं. इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर झाला, जेमतेम पाच मिनिटं, कामाबद्दल फारसं काही विचारलंच नाही. मान डावीकडे वळवा, आता उजवीकडे, डोळे मिटा, उघडा, पॅन कार्ड हनुवटीजवळ धरा, जरा तिरपं करा चमक येतेय. मध्ये दोनदा ओटीपी आला तो पण सांगितला, ऑफर लेटर जनरेट करायला लागतो म्हणाले. लेटर आलं सही-शिक्क्यासकट आणि दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद.

एक रुपयाही गेला नव्हता म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही. मागच्या आठवड्यात वसुलीवाल्यांचा फोन थेट बाबांना आला. क्रेडिट रिपोर्ट काढला तर माझ्या नावावर दोन लोन निघाले, आणि चौकशी केल्यावर अशा बँकेत एक खातं पण निघालं, जिथे मी कधी पाऊलही ठेवलं नाही. बाबा म्हणतात रक्कम लहान आहे, भरून टाकू आणि विषय संपवू. भरावं का? चार महिने गेले, आता तक्रार घेतील का? प्लीज कुणीतरी सांगा, झोप उडालीये.

जुना_बँकवाला:
सायली, आधी बाबांना थांबव. एक हप्ता जरी भरलास तरी समोरचा म्हणणार की कर्ज तुमचंच, तुम्ही मान्य केलंत. तुझा तो इंटरव्ह्यू नव्हताच गं, ते व्हिडिओ केवायसी होतं, म्हणजे कर्ज किंवा खातं देण्याआधी व्हिडिओवर केलेली ओळख पडताळणी. मान वळवणं, डोळे मिटणं, कार्ड चेहऱ्याजवळ धरणं, सगळं समोर जिवंत माणूस आहे हे तपासायला असतं. म्हणजे पलीकडे तुझ्या नावाचा अर्ज उघडा होता आणि तू त्यांना तो पूर्ण करून देत होतीस. तुझा मूर्खपणा नाही हा, नोकरी शोधणारा माणूस सांगतील ते करतोच.

आता दोन्ही लोन कंपन्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल कर, फोनवर काही बोलू नकोस. हे कर्ज मी घेतलेलं नाही असं स्पष्ट लिही आणि कर्जाचा करार, केवायसीचा फोटो, अर्जातला मोबाईल नंबर आणि पैसे कुठल्या खात्यात गेले ते माग. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पैसे बहुतेक त्याच अनोळखी खात्यात गेले असणार. त्या बँकेलाही लेखी कळव आणि खातं गोठवायला सांग. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही.

आणि रिपोर्ट फक्त सिबिलचा काढला असशील तर तेवढ्यावर थांबू नकोस, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या बाकीच्या क्रेडिट रिपोर्ट कंपन्यांचे पण बघ. चौघांकडून वर्षाला प्रत्येकी एक रिपोर्ट फुकट मिळतो. जिथे जिथे हे लोन दिसेल तिथे डिस्प्यूट टाक. ३० दिवसांत निकाली नाही काढलं तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

धाकटा_दिनू:
माझ्या भावाच्या बाबतीत अगदी हेच झालं म्हणून सांगतो, लोनपेक्षा त्या खात्याची काळजी करा. अशा खात्यांतून दुसऱ्या लोकांचे लुटलेले पैसे फिरवतात आणि मग नोटीस येते खातं ज्याच्या नावावर त्याला. भावाला तिसऱ्याच राज्यातल्या पोलिसांचा फोन आला होता, आई दोन दिवस जेवली नाही. तेव्हा एकच गोष्ट कामाला आली, त्याने तो फोन येण्याआधीच तक्रार करून ठेवली होती आणि तारखेची पोच हातात होती. त्यामुळे उशीर झाला वगैरे विचार करत बसू नका, आजची तारीख उद्याच्यापेक्षा बरी. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाका आणि प्रिंट घेऊन पोलीस स्टेशनला जा.

तिथे पैसे गेले नाहीत तर तक्रार कसली असं म्हणतील, आम्हालाही म्हणाले. तेव्हा शांतपणे सांगा की आयटी कायद्याचं कलम ६६सी ओळख चोरण्याबद्दलच आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आमच्या हद्दीत येत नाही म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, नोंदवावी लागणारी एफआयआर. ऑफर लेटर, चॅट, कॉलची वेळ, काहीही डिलीट करू नका.

मेघना_के:
थोडं आधारबद्दल. सगळे बायोमेट्रिक लॉक करा म्हणतात, करा, पण त्याने ओटीपी थांबत नाही आणि तुमचा तर ओटीपीच गेलाय. त्यामुळे आधी १६ आकडी व्हीआयडी (आधार नंबरऐवजी वापरता येणारा नंबर) काढून ठेवा आणि मग आधार नंबरच लॉक करा. आधारच्या साइटवर ऑथेंटिकेशन हिस्ट्री दिसते, इंटरव्ह्यूच्या दिवसाची नोंद सापडली तर स्क्रीनशॉट काढा, पोलिसांना द्यायला तोच पुरावा. पॅनला असं कुलूप नाही, म्हणून इन्कम टॅक्स पोर्टलवर एआयएस (तुमच्या पॅनवर नोंदलेल्या व्यवहारांची यादी) अधूनमधून बघत राहा आणि जीएसटीच्या साइटवर पॅन टाकून तुमच्या नावाने कुणी धंदा तर नोंदवला नाही ना तेही बघा. संचार साथी या सरकारी साइटवर तुमच्या नावावरचे सगळे सिम दिसतात, जो तुमचा नाही तो तिथूनच कळवता येतो.

सायली_नवीन:
सगळ्यांचे खरंच खूप आभार. बाबांना जुना_बँकवाला यांचं उत्तर वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत पण आज स्टेशनला सोबत आले. दीड तास बसलो, ६६सी सांगितल्यावर अर्ज घेतला, पोच मिळाली. संचार साथीवर तीन नंबर निघाले, एक माझा नाही, कळवलाय.

एका लोन कंपनीने केवायसीचा फोटो पाठवला. त्यात मीच आहे, पाठीमागे आमचा हिरवा पडदा, इंटरव्ह्यूसाठी मुद्दाम इस्त्री केलेला ड्रेस, आणि हनुवटीजवळ कार्ड धरून मी हसतेय. खाली अर्जात मोबाईल नंबर आहे तो संचार साथीवर निघालेलाच. दोन्हीची प्रिंट काढलीये, उद्या परत स्टेशनला जाऊन जोडून येते.