पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर आवाज वर जात नाहीये, कुणाला अनुभव?

वरचा_सा:
घटस्थापनेच्या आधी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, पूर्ण भूल देऊन. सुरुवातीला घसा खवखवत होता, डॉक्टर म्हणाले भुलीच्या वेळी घशातून नळी घालतात त्यामुळे होतं, जाईल, आणि गेलंही. पण कोजागरी झाली तरी गायला बसले की काळी चार पट्टीत मध्यमापर्यंत ठीक, पंचमाच्या वर सूर फाटतो नाहीतर नुसती हवा येते, तार षड्ज तर विसराच. पाडवा पहाटेला गायचंय (नाशिकच्या पिंपळपारावरच्या मोठ्या मैफलीत नाही हो, इंदिरानगरात आमच्याच सोसायटीत). किती दिवस लागतात याला?

गंगापूररोडकर:
माझं हर्नियाचं झालं तेव्हा लांब तान जमेचना, आणि तो घसा नव्हताच, पोट होतं. टाके ओढतात म्हणून आपण वरवर श्वास घेतो आणि मग वरचा सूर गळ्याने ढकलतो. सर्जन हो म्हणेपर्यंत ताना, गमक बंद.

स्वरतंतू:
मी स्पीच थेरपिस्ट आहे, न तपासता ठाम सांगणार नाही. बोलतानाही घोगरा येतो का? नळी दोन्ही स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत जाते, त्याची सूज बहुतेकांची आठवडाभरात उतरते. तुमचे त्याहून जास्त दिवस झालेत, तर ईएनटीकडून स्वरतंतू बघून घ्याच, स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशात तंतूंची थरथर बघतात ती तपासणी) होत असेल तिथे जा, गाणाऱ्यांचा बारीक दोष साध्या तपासणीत सुटू शकतो. क्वचित नळी घासून मागच्या बाजूला ग्रॅन्युलोमा (छोटी गाठ) होतो किंवा एखादा तंतू नीट हलत नाही. तोवर कुजबुजू नका, त्याने आराम नाही उलट ताण पडतो, खाकरू नका, ॲसिडिटी असेल तर डॉक्टरांना सांगा. ग्लासात थोड्या पाण्यात स्ट्रॉ बुडवून हलका 'ऊ' म्हणा, मधल्या सप्तकातच.

पेटीवाला_पंचवटी:
पहाटे उठून खरज भर (खालच्या सुरांचा रियाज कर) म्हणणारे भेटतील, ऐकू नका. पट्टी उतरवून काळी दोन घ्या, श्रोत्यांना घंटा कळत नाही. आणि पुन्हा कधी भूल घ्यायची वेळ आली तर भुलीच्या डॉक्टरांना आधीच सांगा की गाते म्हणून, जमत असेल तर ते लहान नळी घालतात. काही छोट्या ऑपरेशनला लॅरिंजियल मास्क चालतो, तो स्वरतंतूंच्या वरच बसतो, मधून जात नाही.

वरचा_सा:
थँक्यू सगळ्यांना. बोलताना घोगरा नाहीये, पण संध्याकाळी आवाज दमतो. ईएनटीची सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. स्ट्रॉवालं सुरू केलंय, सासूबाई विचारतायत ग्लासात बुडबुडे काढायचं वय आहे का तुझं.