अंतराळपटातली कुठली चूक तुम्हाला खटकली?

तिरपी_नजर: अंतराळातल्या साहसांचे सिनेमे मी आवडीने बघते. पण मधेच असं काही दिसतं की पुढचा प्रसंग डोक्यात शिरतच नाही. विज्ञानाची चूक असो नाहीतर कंटिन्युइटीची (एका शॉटमधली गोष्ट पुढच्या शॉटशी न जुळण्याची), तुमचा अनुभव लिहा. ‘सिनेमाच तर आहे’ हे उत्तर चालणार नाही!

माझ्यापासून सुरुवात. ‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) मध्ये मंडळी हबल दुर्बिणीपासून जेटपॅकवर थेट अंतराळ स्थानकाकडे निघतात. उंचीतला फरक एक वेळ सोडून देऊ. पण हबलची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांचा कोन करते आणि स्थानकाची ५१.६. एका कक्षेतून दुसरीत जायचं तर वेगात सेकंदाला निदान तीन किलोमीटरचा बदल करावा लागेल. खऱ्या जेटपॅकमध्ये याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही दम नसतो. स्थानक दिसायला लागलं तेव्हा मी मनातल्या मनात कोनच मोजत बसले होते.

उल्का: आणि त्याच सिनेमातलं ते दोरीचं दृश्य, नायिकेला वाचवायला नायक दोरी सोडतो ते? दोघंही थांबलेत, दोरी ताणलेली आहे, मग त्याला मागे ओढतंय कोण? हलका हिसका दिला असता तर तोच तिच्याकडे तरंगत आला असता. हे मी थिएटरात जरा मोठ्यानेच बोलले. पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळे पुसता पुसता वळून असं काही बघितलं की बास.

रीळकापू: मी संकलन करतो, त्यामुळे माझी नजर भलतीकडेच जाते. ‘स्टार वॉर्स’मध्ये (१९७७) आत शिरणाऱ्या, पांढऱ्या चिलखतातल्या एका शिपायाचं डोकं दारावर आपटतं. २००४च्या डीव्हीडीत ती चूक काढली नाही, उलट ‘ठक्’ असा आवाज जोडला! हे कळल्यापासून तो माझा आवडता शॉट आहे.

खडूफळा: शाळेत शिकवते. ‘पोशाख फाटला की माणूस फुटतो ना?’ हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. मग १९६६ची गोष्ट सांगते. नासाच्या निर्वात कक्षात चाचणी चालू असताना एका तंत्रज्ञाच्या पोशाखातली हवा निघून गेली. साधारण चौदा सेकंदांत शुद्ध हरपली. शेवटचं आठवलं ते जिभेवरची लाळ उकळल्याचं. माणूस वाचला, अजिबात फुटला नाही. लाळेचं ऐकलं की वर्ग एकदम चिडीचूप.

धूमकेतू: ‘द मार्शियन’मधलं वादळ. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी, तिथला वारा यान कसलं उलथवणार? पण लेखकाने स्वतःच सांगितलंय की हे माहीत असूनही गोष्टीसाठी ठेवलं. अशी चूक मला चालते. न वाचता केलेली नाही चालत.

उल्का: मला तीही नाही चालत. माहीत होतं ना, मग दुसरं संकट शोधायचं!

रीळकापू: बरं, ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये वजनरहित अवस्थेत नळीतलं पेय खाली उतरतं, ते कोणी बघितलंय का?

धूमकेतू: बघितलंय. डबा लवचीक असेल तर तो पेय परत ओढून घेईल.

तिरपी_नजर: वकीलपत्र घेतलंय का त्यांचं? पुढचे या.