डॅशबोर्ड सगळ्यांना एकच असावा की ज्याचा त्याचा?

प्लॅनिंग, इंदिरानगर

मी नाशिकमध्ये एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग बघते. पाथर्डी फाट्याच्या बाजूला आमचं दोन विंगचं काम चालू आहे. माझं म्हणणं सरळ आहे. प्रोजेक्टच्या सॉफ्टवेअरमध्ये डॅशबोर्डचा, म्हणजे कामाचे आकडे दाखवणाऱ्या स्क्रीनचा, व्ह्यू (मांडणी) एकच असावा, त्याला कुलूप असावं आणि ज्याने त्याने आपल्या सोयीने कार्ड (आकड्यांचे चौकोन) हलवणं, फिल्टर लावणं, तो व्ह्यू पुढे शेअर करणं हे सगळं बंद करावं.

मागच्या महिन्यात सोमवारच्या मीटिंगमध्ये मालकांच्या स्क्रीनवर ब्लॉकवर्क (ब्लॉकच्या भिंतींचं काम) 82 टक्के दिसत होतं आणि माझ्या लॅपटॉपवर 61. सॉफ्टवेअर एकच, दिवस एकच. कारण शोधण्यात दीड तास गेला. बी विंगचं काम सुधारित ड्रॉइंगसाठी थांबलेलं होतं, म्हणून कोणीतरी आपल्यापुरतं ए विंगचं फिल्टर लावलं आणि सेव्ह करताना ते सगळ्यांच्या शेअर व्ह्यूवरच सेव्ह झालं. ए विंगचं 5,000 चौरस मीटरपैकी 4,100 झालेलं, म्हणजे 82 टक्के. बी विंगचं 3,000 पैकी फक्त 780. दोन्ही धरून 8,000 पैकी 4,880, म्हणजे 61.

त्या 82 वर विसंबून प्लास्टरच्या एजन्सीला निरोप गेला होता. 22 माणसं आली, त्यातल्या निम्म्यांनाच जागा मिळाली, बाकीची दोन दिवस बसून राहिली. त्यांची हजेरी कोणी द्यायची हा वाद अजून मिटलेला नाही. मला वाटतं, आकड्याच्या बाबतीत कोणाच्या सोयीला जागाच नको. तुमचं मत सांगा.

साईट इंजिनिअर, गंगापूर रोड

ताई, त्रास खरा आहे, पण उपाय मला अजिबात पटत नाही. कुलूप लावलेला तो एकच व्ह्यू कोणासाठी बनतो? मालकांसाठी. आमच्याकडे तसाच आहे. बारा कार्डं, त्यातली पाच पैशांची, दोन विक्रीची. मी सकाळी सात वाजता तळघरात उभा असतो, तिथे नेटवर्क नसतं. वर येऊन मोबाईल उघडला की ते सगळं लोड होईपर्यंत आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, पहिली गाडी गेटवर आलेली असते.

मला तीनच गोष्टी लागतात. आज कुठला स्लॅब भरायचा, कुठल्या क्यूबचे (ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे) 7 दिवस किंवा 28 दिवस आज भरतात आणि स्लॅबखालचे कुठले टेके कधी काढायचे. हा व्ह्यू मी माझा मी बनवला आणि त्यात एक कॉलम जास्तीचा टाकला, रात्रीच्या किमान तापमानाचा. त्याचं कारण ऐका. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात साडेचार मीटरपर्यंत गाळा (दोन आधारांमधलं अंतर) असलेल्या स्लॅबचे टेके 7 दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवसांनी काढायला हरकत नाही असं दिलं आहे. पण त्याच कलमात तीन अटी आहेत. साधं ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंट असावं, क्युरिंग (पाणी मारून ओलं ठेवणं) नीट झालेलं असावं आणि तापमान 15 अंशांच्या खाली गेलेलं नसावं. शिवाय खरा निकष काँक्रीटच्या ताकदीचाच, हेही तिथेच लिहिलं आहे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची रात्र कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. आणि आम्ही वापरतो पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, त्याची ताकद सावकाश येते.

कंपनीच्या व्ह्यूमध्ये भरणीच्या तारखेत 7 मिळवून 'काढण्यास तयार' असं हिरवं कार्ड येतं. गेल्या जानेवारीत एका स्लॅबला ते हिरवं दिसत होतं. माझ्या कॉलममध्ये सलग रात्री दहा-अकरा अंश होत्या, म्हणून मी टेके थांबवले. सात दिवसांच्या क्यूबची ताकद अपेक्षेपेक्षा कमी आली. पुढचे चार दिवस टेके तसेच ठेवले. तुमच्या नियमात तो कॉलम टाकायला मला कोणी परवानगी दिली असती का?

बिलिंग, सातपूर

मी ताईंच्या बाजूने, पण कारण वेगळं. फिल्टर निघालं तरी भांडण राहणारच, कारण 'झालं' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा आहे. साईटवाला शेवटची वीट बसली की झालं म्हणतो. मी माप घेऊन मेजरमेंट शीटवर सही झाली की झालं म्हणते. क्वालिटीवाले तपासणी पास झाली की म्हणतात. बाहेरचं प्लास्टर दोन थरांत असतं, पहिला थर झाल्यावर पन्नास टक्के धरायचे की सत्तर? आमच्याकडे तीन वर्षं हे कोणी ठरवलं नव्हतं. दर आरए बिलाला (चालू कामाच्या हप्त्याच्या बिलाला) ठेकेदार डॅशबोर्डचा फोटो घेऊन यायचा आणि मी मेजरमेंट शीट दाखवायची.

प्रत्येकाला आपला व्ह्यू बनवू दिला की प्रत्येकाची व्याख्याही त्या व्ह्यूमध्ये शिरते आणि बाहेरून कळत नाही. कार्डाचं नाव 'ब्लॉकवर्क प्रगती' एवढंच. त्यामागे माप घेतलेलं काम आहे की नजरेने टाकलेला टक्का, ते कोण उघडून बघणार?

साईट इंजिनिअर, गंगापूर रोड

मॅडम, व्याख्या एक असावी हे मला शंभर टक्के मान्य. ती फॉर्म्युल्यात बांधून ठेवा, हात लावू देऊ नका. पण व्याख्या बांधणं वेगळं आणि माझी स्क्रीन बांधणं वेगळं. टेप सगळ्यांची एकाच मापाची हवी, म्हणून सगळ्यांनी एकच भिंत मोजायची का?

रिटायर्ड प्लॅनर, देवळाली

मी बरीच वर्षं प्रायमाव्हेरा या प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरवर काढली, बहुतेक रस्ते आणि धरणाच्या कामांवर. तुम्ही ज्यावरून भांडताय ते तिथे फार जुनं आहे. प्रायमाव्हेरा पी6 मध्ये लेआउट (तुम्ही म्हणता तो व्ह्यू) सेव्ह करताना विचारलंच जातं की हा फक्त तुमच्यासाठी, सगळ्या युजरसाठी, की या प्रोजेक्टसाठी. आणि सगळ्यांच्या लेआउटमध्ये बदल करून कोणी तसाच सेव्ह केला की सकाळी सगळ्यांचे कॉलम बदललेले. ताईंकडे जे झालं ते मी निदान दहादा पाहिलं आहे.

आम्ही एक शिस्त लावली होती. सामायिक लेआउट उघडला की आधी त्याची प्रत करायची, आपल्या नावाने ठेवायची, मग काय हवं ते करायचं. मूळ लेआउटवर सेव्ह करणारा माणूस एकच आणि त्याचं नाव लेआउटच्या नावातच. 'ब्लॉकवर्क, मापाप्रमाणे, दोन्ही विंग' असं लांबलचक नाव द्यायचो. लोक कंटाळायचे, पण मीटिंगमध्ये कोणी चुकीचा लेआउट उघडला तर तो वाचूनच कळायचा.

ताई, तुमच्याकडे व्ह्यू बदलता आला हा दोष मला वाटत नाही. मूळ व्ह्यूवर सेव्ह करण्याचा हक्क सगळ्यांना होता, हा दोष आहे. हक्क काढून घ्या, व्ह्यू राहू द्या.

प्लॅनिंग, इंदिरानगर

काका, प्रत करून ठेवण्याची गोष्ट मला पटते. तापमानाच्या कॉलमचंही पटलं, तो तर आमच्या मूळ व्ह्यूतच यायला हवा. पण शेअर करण्याचं काय? आज आमच्या सिस्टीममध्ये 40 च्या वर व्ह्यू पडून आहेत. निम्मे सोडून गेलेल्या माणसांनी बनवलेले. नवीन मुलगा येतो, यादीत वरचा दिसेल तो उघडतो आणि त्यावर काम करतो. ज्याचा तो व्ह्यू बनवून स्वतःपुरता ठेवेल तर माझी हरकत नाही. तो दुसऱ्याला पाठवला की तो खाजगी राहत नाही, कंपनीचा आकडा होतो.

रेराचं काम करणारा सीए, कॉलेज रोड

या शेवटच्या वाक्यावर मला बोलायचं आहे, कारण माझ्या टेबलावर तोच आकडा येतो. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे खरेदीदारांकडून आलेल्या रकमेचा 70 टक्के भाग वेगळ्या खात्यात राहतो. तो काढायचा तर कामाच्या टक्केवारीच्या प्रमाणातच, आणि त्यासाठी इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए तिघांचे दाखले लागतात. शिवाय दर तिमाहीला रेराच्या वेबसाईटवर प्रगती टाकावी लागते. एका क्लायंटच्या ऑफिसातून मला डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट आला, 'यावरून दाखला तयार करा' म्हणून. त्यावर तारीख नव्हती, फिल्टर काय लावलंय तेही दिसत नव्हतं. मी परत पाठवला.

82 आणि 61 मधला फरक तुमच्यासाठी प्लास्टरच्या माणसांची हजेरी आहे. माझ्यासाठी तो लोकांनी घरासाठी भरलेल्या पैशांचा फरक आहे. दाखल्यापर्यंत जाणारा आकडा एकाच लॉक केलेल्या व्ह्यूतून यावा, यावर मी तडजोड करणार नाही. बाकी साईटवर कोण काय बघतो त्यात मला पडायचं नाही.

रिपोर्ट बनवणारा, अंबड

मी दोन-तीन बिल्डरांसाठी पॉवर बीआय या सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्ट बनवतो. शेअरिंगबद्दल एक गैरसमज इथेही दिसतोय म्हणून लिहितो. व्ह्यूमधून कॉलम लपवला म्हणजे माहिती लपली असं नसतं. फिल्टर काढता येतं. खरी अडवणूक परवानगीच्या पातळीवर करावी लागते. पॉवर बीआयमध्ये ओळींवर मर्यादा घालता येते, म्हणजे प्लंबिंगच्या ठेकेदाराला फक्त त्याच्याच ओळी दिसतात. पण ती मर्यादा फक्त बघण्याचा हक्क असलेल्यांना लागू होते. त्याच माणसाला वर्कस्पेसमध्ये (रिपोर्ट बनवायच्या सामायिक जागेत) एडिटचा हक्क दिला की त्याला सगळं दिसतं. एका ठिकाणी घाईत असाच हक्क दिला गेला आणि एका ठेकेदाराला दुसऱ्याचे दर दिसले. आठवडाभर ऑफिसात दुसरा विषय नव्हता. आणि 'वेबवर प्रकाशित करा' हा पर्याय दाबला तर लिंक असलेला कोणीही लॉगिनशिवाय रिपोर्ट बघू शकतो. तो पर्याय ॲडमिनकडून बंदच करून घ्या.

स्क्रीनशॉटऐवजी लिंक पाठवा एवढंच मी सगळ्यांना सांगतो. लिंकमध्ये आजचा आकडा दिसतो. व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो तीन आठवड्यांनीही ताजाच वाटतो.

ब्लॉकवर्क-प्लास्टरचा ठेकेदार, पंचवटी

मी इंजिनिअर नाही, पण पंधरा वर्षं हेच काम करतो आणि सध्या दोन साईटवर मला मोबाईलवर असा शेअर केलेला व्ह्यू दिलेला आहे. त्यात काय दिसतं सांगतो. माझ्या नावावरच्या स्नॅग (कामातल्या त्रुटी), माझी उशिराची कामं लाल रंगात आणि माझं टार्गेट. बस.

मला फ्लोअर कधी मिळाला ते त्यात नाही. इलेक्ट्रिकवाल्याचे पाईप टाकायचे राहिले म्हणून माझी माणसं सहा दिवस थांबली, ते त्यात नाही. ड्रॉइंग बदललं आणि बांधलेली भिंत तोडली, तीही 'पुन्हा काम' म्हणून माझ्याच नावावर लाल. मालकांना माझ्याविषयी जे दिसतं ते हेच. मीटिंगमध्ये मी बोललो तर म्हणतात, सिस्टीममध्ये काही नाही.

मॅडम, तुमच्याकडे जी 22 माणसं आली त्यांचा ठेकेदार मी नाही, पण त्याच्या जागी मी अनेकदा उभा राहिलो आहे. माणसं गावाहून आणलेली असतात, त्यांना बसवून ठेवलं तरी जेवण आणि हजेरी द्यावीच लागते. तुम्ही एकच व्ह्यू करा नाहीतर चाळीस करा. माझा फ्लोअर मोकळा कधी झाला आणि मी थांबलो किती दिवस, एवढे दोन कॉलम मला आणि मालकांना एकाच वेळी दिसू द्या.

बिलिंग, सातपूर

भाऊ, तुमचं म्हणणं मला कळतं, पण खरी अडचण सांगते. थांबण्याचे दिवस शेअर व्ह्यूमध्ये आले की ते तुमच्या भरपाईच्या क्लेमचा पुरावा होतात. कंपनी ते स्वतःहून का दाखवेल? आमच्याकडे हा कॉलम आहे, पण तो फक्त ऑफिसच्या व्ह्यूमध्ये. ठेकेदारांच्या व्ह्यूमधून तो मुद्दाम काढलेला आहे.

ब्लॉकवर्क-प्लास्टरचा ठेकेदार, पंचवटी

तुम्ही खरं बोललात याबद्दल आभार. म्हणजे माहिती आहे, मला दाखवायची नाही एवढंच. मग उशीर झाला म्हणून दंड कापताना तरी ती माहिती बाजूला ठेवू नका.

प्लॅनिंग, इंदिरानगर

मी धागा सुरू केला तेव्हा माझ्या डोक्यात फक्त ते फिल्टर होतं. भाऊंचं वाचून मी आज आमचा ठेकेदारांचा व्ह्यू उघडून पाहिला. त्यातही फ्लोअर ताब्यात दिल्याची तारीख नाही. तो व्ह्यू मीच बनवला होता आणि तो लॉक आहे.

येत्या सोमवारी मी मीटिंगमध्ये हे मांडणार आहे. प्रगतीचा व्ह्यू एकच आणि लॉक, मापाप्रमाणे, नावात व्याख्येसकट. सीए सरांकडे जाणारा आकडा तिथूनच. साईटवाल्यांना प्रत करून स्वतःचे व्ह्यू बनवायची मोकळीक, पण ते शेअर करायचे तर आधी मला दाखवून. जुने चाळीस मी या आठवड्यात साफ करते. आणि ठेकेदारांच्या व्ह्यूमध्ये ताबा आणि थांबण्याचे दिवस. शेवटच्या मुद्द्याला मालकांचा विरोध होईल, तरी मी तो सोडणार नाही.

साईट इंजिनिअर, गंगापूर रोड

शेअर करण्याआधी तुम्हाला दाखवायचं, याला माझा विरोध कायम आहे, ताई. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी मी माझा व्ह्यू दुसऱ्या शिफ्टच्या मुलाला पाठवतो. तेव्हा तुम्ही घरी असता. मंजुरीची वाट बघितली तर तो माझ्या वहीचा फोटोच घेऊन जाईल. आणि ताब्याची तारीख टाकणार कोण? ती साईटनेच टाकायची असेल तर ठेकेदार आणि ऑफिस दोघांचा दबाव आमच्यावर येणार.

ब्लॉकवर्क-प्लास्टरचा ठेकेदार, पंचवटी

दादा, फ्लोअर घेताना मी सुपरवायझरच्या रजिस्टरमध्ये सही करतो, तारीख आणि वेळेसकट. त्याची सहीही शेजारीच असते. तारीख तिथून घ्या, म्हणजे तुम्हाला कोणी काही विचारणार नाही.