इंजिनचं खरबरीत कव्हर घरी रंगवावं, की धुऊन गप्प बसावं?

तेलकट हात (धागाकर्ता)

गाडी दहा वर्षांची. इंजिनची काही तक्रार नाही, पण बॉनेट उघडलं की वरचं प्लॅस्टिकचं कव्हर राखेत लोळून आल्यासारखं दिसतं. मूळचा काळा रंग जाऊन करडा झालाय, ऑइलच्या झाकणाभोवती कायमचा डाग आहे आणि पाना निसटल्याचा एक लांब ओरखडा. चमक आणणारं ड्रेसिंग चोळून पाहिलं. चार दिवस तुकतुकीत, पाचव्या दिवशी त्यावर धुळीचा थर, कारण ते चिकटच राहतं.

माझं मत: रंगवावं. अख्ख्या गाडीत घरी रंगवायला इतका सोपा भाग दुसरा नाही. खाली चार रबरी बुश, सरळ वर ओढलं की कव्हर हातात. टेबलावर ठेवून निवांत काम करता येतं आणि बिघडलंच तरी तोवर गाडी त्याच्याशिवाय चालते. अट एकच, कव्हरावरचे ते बारीक दाणे, म्हणजे टेक्श्चर, बुजता कामा नये. पण ओळखीतले निम्मे लोक म्हणतात, "हात लावू नकोस, पोपडे निघतील." ते का निघतात आणि निघणारच असतात का, एवढं सांगा.

जुनं खोड

निघणारच असतात. मी करून बसलोय.

चंदेरी रंग मारला होता. पहिले सहा महिने बॉनेट उघडून स्वतःच बघत बसायचो. मग ऑइलच्या झाकणाजवळची कड सुटली आणि नखाने ओढल्यावर बोटभर पापुद्रा आला, उन्हाने सोललेल्या कातडीसारखा. म्हटलं, सगळाच काढून टाकू. इथे खरी गंमत सुरू झाली. दाण्यांच्या माथ्यावरचा रंग निघाला, मधल्या खळग्यांतला बसून राहिला. जोरकस रिमूव्हर वापरायची सोय नाही, प्लॅस्टिकच मऊ पडायचं. तेव्हापासून माझ्या कव्हराला देवी आल्यात.

कंपनीचं प्लॅस्टिक आतपर्यंत काळंच असतं हो. ओरखडा पडला तर खालीही काळंच दिसतं. रंगवलेल्या कव्हरावरचा प्रत्येक ओरखडा दुसऱ्या रंगात बोंब मारतो. आणि गॅरेजात ते कव्हर कसं काढून कुठे फेकतात ते तुम्ही पाहिलंच असेल.

रंगारी

जुनं खोड, रागावू नका, पण तीन प्रश्न. रंगवण्याआधी त्यावर कधी ड्रेसिंग चोळलं होतं का? कशाने धुतलं? आणि घासलं कशाने?

जुनं खोड

ड्रेसिंग, हो, दर धुण्याला. शाम्पूने धुतलं. बारीक पॉलिशपेपरने घासलं, गुळगुळीत लागेपर्यंत.

रंगारी

मग रंगाचा दोष नाही. तिन्ही ठिकाणी चुकलंय.

ड्रेसिंगमध्ये बहुतेक वेळा सिलिकॉन असतं. गाडीच्या शाम्पूने ते हलत नाही. त्यावर रंग पडला की एक तर माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात, नाहीतर रंग बसल्यासारखा दिसतो आणि पुढे सुटतो. आधी भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने दाण्यादाण्यांत घासा, दोनदा. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा सिलिकॉन काढणारं द्रावण कापडावर घेऊन पुसा, आणि ते उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपा. एकाच कापडाने पुसत राहिलात तर तेल इकडून तिकडे जातं, निघत नाही. मग साधं पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर कव्हर स्वच्छ. मणी होऊन घरंगळलं तर परत साबण.

आता पॉलिशपेपर. खरबरीत पृष्ठभागावर कागद फक्त दाण्यांच्या माथ्यावरून फिरतो. माथे छाटले जातात, खळगे चकचकीतच राहतात. म्हणजे टेक्श्चर गेलं ते गेलंच, वर रंगाला पकड मिळाली अर्ध्याच जागेत. इथे राखाडी रंगाची मऊ तंतूंची घासणी लागते, साबणपाण्यात बुडवून. ती खळग्यात शिरते. घासून झाल्यावर कव्हर सगळीकडे सारखं निस्तेज दिसलं पाहिजे, कुठेही चमकता ठिपका नको.

पोपडे हा तयारीचा आजार आहे. फवारणं वीस मिनिटांचं काम, तयारीला अर्धा दिवस जातो.

प्लॅस्टिकवाला

त्याच्याही आधी कव्हर उलटं करून वाचा. आतल्या बाजूला प्लॅस्टिकची खूण कोरलेली असते. साधारणपणे दोन प्रकार दिसतात: 'पीए६-जीएफ३०', म्हणजे ३० टक्के काचतंतू मिसळलेलं नायलॉन, किंवा 'पीपी' आणि पुढे काहीबाही, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. पहिल्याला रंग बऱ्यापैकी धरतो. दुसऱ्यावर तो बसायलाच तयार नसतो. मेणावर पाणी टाकल्यासारखं होतं, पृष्ठभाग रंगाला ओला होऊ देत नाही. तिथे आधी अ‍ॅडहेजन प्रमोटरचा, म्हणजे रंगाला पकड देणाऱ्या द्रावाचा, एक पातळ हात मारावा लागतो आणि डब्यावर दिलेल्या मिनिटांच्या आत वर रंग यावा लागतो. प्रमोटर पूर्ण वाळू देऊन दुसऱ्या दिवशी रंग मारला तर तो मारला न मारला सारखाच.

आणि "नुसतं धुवा" म्हणणाऱ्यांना एक. नायलॉनचं कव्हर करडं पडतं त्यात मळाचा वाटा थोडा असतो. उष्णतेने आणि वयाने वरची नायलॉनची साय झिजते आणि खालचे काचतंतू उघडे पडतात. भिंगातून पाहिलंत तर बारीक केस दिसतील. ते धुऊन कसे जाणार? ड्रेसिंग लावलं की तेवढ्यापुरते बुडतात, ते सुकलं की परत वर.

धुतल्यावर मात्र नायलॉनला एक-दोन दिवस कोरड्या हवेत राहू द्या. ते पाणी पितं.

नवशिक्या

सायलेन्सरवर मारतात तो ६०० अंशांचा रंग घेतला तर? जास्त तापमान म्हणजे जास्त टिकाऊ ना?

प्लॅस्टिकवाला

उलटं आहे. तो रंग टप्प्याटप्प्याने अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत भाजल्यावर पक्का होतो. पॉलिप्रॉपिलीन १६०-१६५ अंशांना वितळतं, पीए६ नायलॉन सुमारे २२० ला. रंग पिकायच्या आधी कव्हर लोळेल. आणि न भाजता ठेवलात तर मऊच राहतो, पेट्रोलच्या चिंधीने निघून येतो. इंजिन इनॅमल म्हणून मिळतं ते सुमारे २५० अंशांचं असतं, भरपूर झालं. कव्हर स्वतः तेवढं कधीच तापत नाही. तापलं तर रंगाची चर्चा करायला कव्हर उरणार नाही.

तिरकस

मूळ प्रश्न राहिलाच. बॉनेटखाली बघतं कोण? मालक, मेकॅनिक आणि उंदीर. यांतल्या दोघांना रंगाशी देणंघेणं नाही.

शिवाय जुनी गाडी विकायला काढली आणि घेणाऱ्याने बॉनेट उघडल्यावर आत कोरं करकरीत कव्हर दिसलं, तर त्याच्या मनात पहिला विचार काय येईल? "काय लपवलंय?" मी स्वतः अशी एक गाडी सोडून दिली होती. इंजिन बरं असेलही. पण धुळकट खोलीत एकच भिंत रंगवलेली दिसली की माणूस ओल शोधतोच.

तेलकट हात

तिरकस, शंका मान्य, तर्क अमान्य. गळती कव्हराच्या वर दिसत नाही, खाली दिसते. कव्हर उचलून बघा म्हणावं, मीच उचलून देईन. आणि मी लालभडक करणार नाहीये, निस्तेज काळाच. नीट जमलं तर रंगवलंय हे कळूच नये.

जुनं खोड

कळू नये एवढ्यासाठी दोन दिवस? त्यापेक्षा गाडीला हवा भरा, फिरून या.

सुरकुती

ओरखडा खोल असेल तर सुरकुत्या पडणारा रंग बघा, रिंकल फिनिश. वरचा थर आधी सुकतो, खालचा नंतर आक्रसतो, म्हणून सुरकुत्या पडतात. ओरखडा, डाग सगळं त्यात गडप. माझ्या कव्हरावर तीन वर्षं आहे, एक पापुद्रा नाही.

रंगारी

टिकतो, नाही म्हणत नाही. पण धागाकर्त्याला मूळचे दाणे हवेत आणि रिंकल त्यांच्यावर गादी घालतो. त्याला हात जाड लागतात, उभ्या कडांवर ओघळ येतात, आणि त्या सुरकुत्यांत धूळ बसली की परत टूथब्रश. खोल ओरखडा पुटीने भरणं तर अजून वाईट, तेवढीच पट्टी गुळगुळीत राहते आणि लांबून ओळखू येते. ओरखडा राहू द्यावा. उठलेल्या कडा ब्लेडने हळूच कापा, बाकी निस्तेज रंगात अर्धा दिसेनासा होतो.

फवारताना पहिला हात धुक्यासारखा, खालचं प्लॅस्टिक दिसत राहिलं पाहिजे. डबा वीस-पंचवीस सेंटिमीटरवर. दहा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. बस. चौथा हात खळगे भरतो. प्रायमर लागणारच असेल तर एकच पातळ हात, जाड भरणारा प्रायमर अजिबात नको. काही रंगांना पुढचा हात पहिल्या तासात लागतो, नाहीतर थेट काही दिवसांनी. मधेच मारलात तर खालचा थर उसळतो आणि न मागता रिंकल मिळतो. हे डब्यावर इतक्या बारीक अक्षरात असतं की कुणी वाचत नाही. दमट हवेत तर डब्याला हातच लावू नका, रंगावर पांढुरकी झाक येते.

नवशिक्या

वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर?

रंगारी

चकचकीत क्लिअर दाण्यांवर गेला की कव्हर खेळण्यातलं दिसतं. मॅट घ्या, किंवा नकोच. आणि हार्डनर मिसळायचा दोन भागांचा क्लिअर घरी फवारू नका. त्यात आयसोसायनेट असतं, ते श्वासाला घातक, आणि कागदी मास्कने थांबत नाही. त्याबद्दल मी वाद घालणार नाही.

तेलकट हात

आज कव्हर काढलं. गार इंजिनवर घाईत ओढल्याने एक रबरी बुश कव्हरातून निघून खालच्या खुंटीवरच अडकला, तो वेगळा काढून ठेवला. आतला फोम क्लिपांवर होता, तोही बाजूला. खूण निघाली: पीपी.

रंगारींच्या पद्धतीने धुतलं. पहिल्या वेळी पाण्याचे मणी झाले, दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी पाणी पसरलं. मग कव्हराच्या आतल्या कडेवर दोन बोटं रुंदीचे दोन पट्टे रंगवले, एक नुसता रंग, एक प्रमोटर मारून. चार दिवस थांबलो. ब्लेडने उभ्या-आडव्या रेघा मारल्या, वर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढली. नुसत्या रंगाचा पट्टा जसाच्या तसा पट्टीवर आला, रेघांसकट. आरशात बघितल्यासारखा. दुसऱ्या पट्ट्याचे रेघांच्या फुलीवरचे दोन ठिपके उडाले, बाकी जागच्या जागी. दाणेही शाबूत आहेत, नखाला कळतात.

जुनं खोड, तुमचंही कव्हर पीपी आहे का, एकदा बघता का?

जुनं खोड

बघितलं. पीपी.

तरी ऐका. चिकटपट्टी म्हणजे पाना नव्हे. ऑइल बदलताना झाकणावरून ओघळलेलं तेल, चुकून सांडलेलं ब्रेक ऑइल, हे सगळं त्या पट्ट्यावर टाकून बघा. ब्रेक ऑइल रंग खातं.

तेलकट हात

इंजिन ऑइलचा थेंब रात्रभर ठेवून पुसला, काही झालं नाही. ब्रेक ऑइलने दहा मिनिटांत रंग बुडबुडला. तेवढं तुमचं खरं. त्या टाकीचं झाकण उघडताना कव्हर काढून ठेवायचं, असं ठरवलंय.

उद्या हवा कोरडी असली तर फवारतो. फक्त कव्हरावरची उठावाची अक्षरं कशी करायची ते कळत नाहीये.

रंगारी

आधी सगळंच काळं करा. पूर्ण वाळलं की सपाट ठोकळ्यावर पॉलिशपेपर गुंडाळून फक्त अक्षरांच्या माथ्यावरून फिरवा. पॉलिशपेपरचं काम असलंच तर तेवढंच.

जुनं खोड

आणि सर्व्हिसिंगहून गाडी परत आली की फोटो टाका. आधीचा नको, नंतरचा.