मागे डिस्क बसवायची का?

बी-५०२: मंडळी, हॅचबॅक घाट उतरताना ब्रेक कमी पडतात. गॅरेजवाला म्हणतो मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवू. करावं का?

ए-१०४: आधी हे सांगा काका, पेडल मऊ होऊन खाली जातं, की कडक राहूनही गाडी थांबत नाही?

बी-५०२: मऊ. पार तळाला जातं. गाडी गार झाली की ठीक.

ए-१०४: मग ऑइल उकळतंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, पाणी मुरलं की १४० पर्यंतच. उकळलं की नळीत वाफ होते. ऑइल दबत नाही, वाफ दबते, म्हणून पाय खाली जातो. मॅन्युअल बघून डॉट ४ भरा (नवं २३०, मुरलेलं १५५). सीलबंद एक लिटर आणा. दर दोन वर्षांनी बदला. पेडल कडक राहून गाडी थांबली नसती, तर पॅड (डिस्कला घासून चाक थांबवतात ते) तापले म्हटलं असतं.

सी-३०१: ऑनलाइन डॉट ५ दिसतंय, ते अजून भारी का?

ए-१०४: नको ताई! ते सिलिकॉनचं, डॉट ३-४ मध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं. अशी नावं देणाऱ्याला नमस्कार.

डी-२०३: ऑइल बदललं की नळीतली हवा काढावी लागते, त्याला दोघं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल (चाकापाशी हवा काढायचा स्क्रू) पाव फेरा सोडायचा, नळीचं टोक ऑइलात बुडवून. निपल आवळल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, रंग सोलवटतो.

बी-५०२: आणि डिस्क?

डी-२०३: माझं मत, नको. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, जास्त काम पुढचीच चाकं करतात. मागे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बसवला तर ऑइल जास्त लागतं, पेडलनं ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच, म्हणून पेडल लांब जातं. हँडब्रेकची केबल वेगळी. एबीएसचं (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गणित ड्रमवर बसवलेलं असतं, ते बिघडतं. तेवढ्या पैशात चांगले टायर घ्या. जोरात दाबल्यावर पेडल थरथरतं ना? म्हणजे एबीएस लागतोय, ब्रेकात ताकद आहे, पकड टायरची संपली.

ए-१०४: पुढचे पॅडही बघा. ३ मिमी उरले की बदला. आतला बाहेरच्यापेक्षा जास्त झिजला असेल तर बहुधा कॅलिपर ज्यावर सरकतो ती पिन जाम आहे. साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं. कॅलिपर होजवर (ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळू देऊ नका, तारेनं बांधा. नवे पॅड बसवले की मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारून वेग ५० वरून १० वर, असं आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता. मग ब्रेक न मारता गार होऊ द्या.

सी-३०१: घाटात दुसऱ्या गिअरवर उतरा, ते फुकट आहे 😄

डी-२०३: आणि काका, पॅड बदलून निघण्याआधी जागेवरच पेडल पाच-सहा वेळा पंप करा. पॅड दाबणारे पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. आपल्या बेसमेंटच्या रॅम्पवर ते कळून उपयोग नाही.